एकच ट्रक, मालकही आपणच: खान्देशात गाडी परवडवायची आणि राखायची कशी

धुळ्याच्या चौफुलीवर पंधरा मिनिटं उभं राहिलं तरी हा धंदा खान्देशात एवढा का फोफावला ते कळतं. सुरतेकडून जळगाव-भुसावळमार्गे नागपूर आणि पुढे ओडिशातल्या पारादीपकडे जाणारा ५३ क्रमांकाचा महामार्ग आणि इंदूरकडून येऊन चाळीसगावमार्गे सोलापूरकडे उतरणारा ५२ क्रमांकाचा, दोन्ही इथे भेटतात. नाशिककडे जाणारा ६० इथूनच सुटतो. त्यात रावेर-यावलची केळी, जिनिंगमधल्या कापसाच्या गाठी, जळगावची डाळ, पाइप आणि चटया, नंदुरबारची मिरची, साक्री-पिंपळनेरचा कांदा. माल भरपूर आहे. तरीही एका गाडीचे मालक तीन-चार वर्षांत गाडी फायनान्सवाल्याच्या ताब्यात देऊन दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होताना दिसतात. बहुतेकांना भाडं कितीचं मिळालं ते पाठ असतं, पण आपली गाडी एक किलोमीटर पळाली की किती खाते ते सांगता येत नाही. म्हणून सुरुवात हिशोबापासून करू.

आधी किलोमीटरचा खर्च काढा

खर्च दोन प्रकारचा. एक गाडी उभी असली तरी लागतो, दुसरा चाक फिरलं की लागतो. वही मधोमध दुमडा आणि दोन्हीकडे लिहा. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही घाला.

समजा जुनी दहा चाकी आहे. महिन्याचा हप्ता ४५,०००. विमा वर्षाचा ८०,००० धरला तर महिन्याला साधारण ६,७००. नॅशनल परमिटची (परराज्यात गाडी नेण्याच्या परवान्याची) वर्षाची १६,५०० फी, टॅक्स, पासिंग (फिटनेस तपासणी), पीयूसी मिळून महिन्याला ३,०००. ड्रायव्हरचा पगार २२,०००. गाडी स्वतः चालवत असलात तरी हा पगार लिहायचाच. तो न लिहिणारा माणूस स्वतःची मजुरी फुकट देतो आणि तिलाच नफा म्हणतो. बेरीज ७६,७००. गाडी महिन्याला ७,००० किलोमीटर पळाली तर किलोमीटरमागे ११ रुपये, ५,००० पळाली तर १५ रुपयांच्या वर.

आता चाकाचा खर्च. भरलेली दहा चाकी लिटरला ४ किलोमीटर देते आणि डिझेल ९० रुपये धरलं, तर साडेबावीस रुपये. दहा टायर दोन लाखांचे, ८०,००० किलोमीटर चालले तर अडीच रुपये. टोल ४, ऑइल-सर्व्हिस-दुरुस्ती अडीच, वाटखर्च २. एकूण साडेतेहतीस. दोन्ही मिळून साडेचव्वेचाळीस रुपये.

रावेरकडच्या सावद्याहून दिल्ली सुमारे ११०० किलोमीटर, जाऊन-येऊन २२००. खर्च ९७,९००. जातानाचं केळीचं भाडं ७०,००० ऐकून आनंद होतो, कारण किलोमीटरला ६३ पडतात. पण परतीला २५,००० भाड्याची भरती (माल) घेतली तर खेप ९५,००० ची झाली आणि तुम्ही २,९०० रुपयांनी तोट्यात आहात. खिशात मात्र रोख दिसते, कारण टायरचे आणि दुरुस्तीचे पैसे अजून कोणी मागितलेले नाहीत.

मग २५,००० ची परतीची भरती नाकारायची? नाही. रिकामी गाडी आली तरी डिझेल, टोल आणि वाटखर्च सुटत नाही, भरलेल्या गाडीला त्याहून जास्त लागतं तो फरकच फक्त नवा खर्च. तो साधारण नऊ-दहा हजार, म्हणून २५,००० घेणं बरोबर. चांगल्या भावाची वाट पाहत किती दिवस थांबायचं, हा खरा अवघड प्रश्न. उभ्या गाडीचा दिवस आपल्या नमुन्यात २,५५० रुपयांना पडतो. दोन दिवस थांबून भाडं ४,००० नी वाढत असेल तर तुम्ही हरलात, १५,००० नी वाढत असेल तर थांबा. दिल्लीच्या ट्रान्सपोर्ट नगरात चहाच्या टपरीवर बसून हा हिशोब करणारे फार थोडे. बाकीचे एकमेकांकडे बघून थांबतात.

म्हणून माझं मत: जाण्याचा भाव ठरवतानाच परतीचा तुटवडा त्यात धरा. ज्या शहरातून परतीला हमखास माल मिळतो तिथली कमी भाड्याची खेप, जिथून रिकामं यावं लागतं तिथल्या मोठ्या भाड्यापेक्षा बरी.

गाडी घेताना

पहिलीच गाडी असेल तर नवी मोठी घेऊ नका. नव्या चौदा चाकीचा हप्ता भरण्यासाठी मिळेल ते भाडं उचलावं लागतं, आणि माल मिळवून देणाऱ्या आडत्याला ते तुमच्या चेहऱ्यावर दिसतं. थोड्या हप्त्याची, चांगल्या अवस्थेतली जुनी दहा चाकी खान्देशातल्या मालाला पुरते. २०१८ च्या जुलैमध्ये केंद्राने एक्सलवरच्या (चाकांच्या आसावरच्या) वजनाची मर्यादा वाढवली, तेव्हा सहा चाकीचं एकूण वजन १६.२ वरून १८.५ टन झालं आणि दहा चाकीचं २५ वरून २८.५. गाडीचं स्वतःचं नऊ-दहा टन वजा केलं की अठरा-एकोणीस टन माल राहतो. मात्र जुन्या गाडीच्या आरसी बुकात कोणता आकडा आहे तोच खरा, बाजारातला नव्हे.

बघायला जाताना मिस्त्री सोबत न्या आणि गाडी थंड असताना पोहोचा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर सकाळचा निळा धूर दिसत नाही. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण काढून बघा. तिथून जोरात फुसफुस वाफ येत असेल तर पिस्टन-रिंगांचं काम जवळ आलं. चेसिसखाली सरपटत जा आणि कमानीच्या (पाट्यांच्या स्प्रिंगच्या) ब्रॅकेटजवळ वेल्डिंग किंवा भेग शोधा, ओव्हरलोड ओढलेली गाडी तिथेच बोलते. डिफरन्शिअल आणि हबजवळ ऑइलचा ओलसरपणा बघा.

कागदांत कर्जाचा बोजा, टॅक्स, थकीत ई-चलन आणि पासिंगची तारीख तपासा. बोजा असेल तर फायनान्सची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका, आणि नाव बदलायचे फॉर्म २९ व ३० सही करून घ्या. वयही मोजा. नॅशनल परमिट दोन एक्सलच्या गाडीला १२ वर्षांपर्यंत, मल्टी-एक्सलला (दोनपेक्षा जास्त एक्सलच्या गाडीला) १५ वर्षांपर्यंतच मिळतं. दहा वर्षांची सहा चाकी स्वस्त मिळते ती यामुळेच.

कागद

पासिंग आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. पासिंग संपलेलं असताना अपघात झाला तर विमा कंपनी आधी तीच तारीख बघते. विम्यात थर्ड पार्टीचा (दुसऱ्याच्या नुकसानीचा) हप्ता सरकार ठरवतं. २०२२ च्या दरात २० ते ४० टन वजनाच्या मालगाडीला तो ४३,९५० रुपये होता. त्यावर घासाघीस होत नाही. स्वतःच्या नुकसानीच्या भागात होते, पण तिथे पैसे वाचवायला जाऊन दोन गोष्टी सोडू नका. ‘आयएमटी २३’ हे जोडकलम नसेल तर दिवे, मडगार्ड, बॉनेट, टायर यांचं नुकसान अनेकदा हाती लागत नाही. आणि पगारी ड्रायव्हर-क्लीनरची कायदेशीर जबाबदारी पॉलिसीत लिहिलेली हवी, तिचा हप्ता अगदी किरकोळ असतो.

ओव्हरलोडबद्दल सरळ सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीपासून दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,०००. दोन टन जास्त भरून मिळणारे पैसे एका वजनकाट्यावर दंडात जातात. शिवाय कमानीचे पाटे, टायर आणि ब्रेक यांचं नुकसान वेगळं, ते पावती न देता होतं.

ई-वे बिलाची (जीएसटीच्या मालासोबत लागणाऱ्या ऑनलाइन कागदाची) मुदत २०० किलोमीटरला एक दिवस. ११०० किलोमीटरला सहा दिवस मिळतात, पण गाडी वाटेत बिघडली तर तेही पुरत नाहीत. मुदत संपण्याआधीच्या आणि नंतरच्या आठ तासांतच ती वाढवता येते, हे ड्रायव्हरला माहीत हवं. माल दुसऱ्या गाडीत टाकला तर बिलाच्या भाग ‘ब’ मध्ये नवा गाडी नंबर टाकून घ्या. ताज्या केळीवर जीएसटी नाही, म्हणून तिला ई-वे बिल लागत नाही. कापसाच्या गाठींना लागतं. नाक्यावर हे शांतपणे सांगता आलं तर अर्धा तास वाचतो.

कराचं थोडक्यात. स्वतःची बिल्टी (मालाची वाहतूक पावती) न फाडता ट्रान्सपोर्टवाल्याला गाडी देत असाल तर तुम्हाला जीएसटी लागत नाही. दहा किंवा कमी गाड्या असतील तर पॅन आणि घोषणापत्र दिल्यावर भाड्यातून टीडीएस कापायचा नसतो, तरी कापला गेला तर रिटर्न भरून परत मागा. १२ टनांवरच्या गाडीला महिन्याला टनामागे १,००० रुपये उत्पन्न धरून रिटर्न भरायची सोय आहे. २८.५ टनी गाडी वर्षभर असेल तर ३,४२,००० होतात.

माल आणि त्याचे नखरे

केळीला वेळ कळतो. झाडावरून उतरली की ती पिकायच्या वाटेला लागते, आणि बंद, तापलेल्या हौद्यात आणखी लवकर. ताडपत्री चारी बाजूंनी आवळून वारा बंद केलात तर दिल्लीत पिवळा माल उतरेल आणि व्यापारी भाड्यातून कापेल. पुढून आणि बाजूंनी हवा खेळती ठेवा, खाली आणि कडेला केळीची पानं घाला. वाटेत बिघाड झाला तर केळीच्या गाडीला दुसरी संधी नसते. म्हणून जी गाडी मनातून शंकास्पद वाटते ती केळीला लावू नका, तिला डाळीला किंवा पाइपाला लावा. पावसाळ्यात आणखी एक: भरलेली दहा चाकी काळ्या मातीच्या शेतरस्त्यावर नेऊ नका. माल छोट्या गाडीने डांबरी रस्त्यापर्यंत आणून घ्या, त्याचा खर्च आधी बोलून ठेवा. क्रेनचं बिल कोणी वाटून घेत नाही.

गाठ साधारण १७० किलोची. शंभर गाठींचे १७ टन होतात, म्हणजे वजनाआधी जागा आणि उंचीच संपते. गावातल्या लोंबत्या विजेच्या तारा हा कापसाच्या गाडीचा मोठा धोका. वाट माहीत नसेल तर क्लीनरला पुढे चालायला लावा. सायलेन्सरजवळ सुटा कापूस राहू देऊ नका आणि विडी हा विषय गाडीच्या आसपासच नको. जिनिंगच्या आवारात रोज जाणाऱ्या गाडीच्या रेडिएटरच्या पत्र्यांत रुईचा थर बसतो. मग मार्चमध्ये गाडी तापते आणि मालक थर्मोस्टॅट बदलत बसतो. आधी मागच्या बाजूने हवा मारून रेडिएटर साफ करा.

पैशाचं बोलणं भरण्याआधी. किती ॲडव्हान्स, पोच (माल मिळाल्याची सही केलेली पावती) दिल्यावर बाकी किती दिवसांत, हमाली, तोलाई आणि वराई कोणाची, गाडी खाली व्हायला उशीर झाला तर हॉल्टिंग किती. हे मोबाइलवर मेसेजमध्ये लिहून ‘ठीक’ असं उत्तर घ्या. ओळखीच्या आडत्याकडूनही घ्या, तिथेच जास्त लागतं. पोचेवर ‘माल कमी’, ‘माल खराब’ असा शेरा पडला तर तिथेच फोटो काढून भरणाऱ्याला फोन करा. गावी येऊन केलेली तक्रार कोणी ऐकत नाही.

रोजची फेरी

निघण्याआधी गाडीभोवती एक चक्कर, रोज, डाव्या पुढच्या चाकापासून त्याच क्रमाने. ठरलेला क्रम असला की काही सुटत नाही.

१. ऑइल आणि कूलंट, गाडी थंड आणि सपाट जागेवर असताना. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. नुसतं पाणी भरत राहिलात तर गंज धरतो आणि वॉटर पंप जातो.
२. प्रत्येक टायर हाताने आणि नजरेने. जोडीतल्या आतल्या टायरची हवा वाजवून नव्हे, गेजनेच कळते. जोडीत अडकलेला दगड काढा.
३. चाकाचे नट. नटाभोवती गंजाची ताजी रेघ दिसली तर तो सैल आहे.
४. ब्रेकच्या एअर टँकचा कॉक उघडून पाणी काढा. पाण्यासोबत ऑइल आलं तर कॉम्प्रेसर दाखवा.
५. डिझेल फिल्टरच्या सेपरेटरमधलं पाणी.
६. दिवे, ब्रेकलाइट, मागची रिफ्लेक्टर पट्टी. रात्री रस्त्यावर उभ्या गाडीला मागून धडक बसते ती बहुधा हे नसल्यामुळेच.

नवीन बीएस-६ गाडी असेल तर डेफची (धूर स्वच्छ करणाऱ्या द्रावणाची) टाकी बघा. डिझेलच्या साधारण पाच टक्के डेफ लागतं. ते ३२.५ टक्के युरियाचं शुद्ध द्रावण असतं. पाण्यात शेतीचा युरिया ढवळून घातलात तर नोझलवर खडे जमतात, गाडीची ताकद कमी होते, आणि दुरुस्तीचं बिल सगळ्या बचतीचा व्याजासकट हिशोब करतं. डिझेलच्या टाकीत चुकून डेफ गेलं तर स्टार्टर मारू नका, टाकी उतरवा.

टायर

डिझेल आणि टोलनंतरचा चाकाचा मोठा खर्च हाच, आणि इथेच सगळ्यात जास्त पैसे वाचतात. एप्रिल-मे मध्ये भुसावळ-जळगाव पंचेचाळीस अंशांच्या वर जातं, डांबर त्याहून तापतं. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात दबतो, आतून तापतो आणि फुटतो. लोकांना वाटतं जास्त हवेने फुटला. हवा सकाळी थंड टायरमध्ये मोजा, कंपनीने दिलेल्या आकड्याला ठेवा. दुपारी गरम टायरची वाढलेली हवा सोडू नका, रात्री तो कमी हवेवर चालेल.

पुढच्या चाकांना रिमोल्ड टायर (जुन्यावर नवा रबर चढवलेला) कधीच नाही. मागे चालतो, पण ज्याचं केसिंग (आतला सांगाडा) चांगलं आहे असाच टायर रिमोल्डला द्या, म्हणजे गुळगुळीत होईपर्यंत ओढण्याआधी. जोडीत एक नवा आणि एक झिजलेला लावलात तर नव्यावर सगळा भार येतो. टायरची झीज वाचायला शिका: दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मध्य झिजला तर जास्त, एकच कड झिजली तर अलाइनमेंट किंवा किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ). प्रत्येक टायरचा नंबर आणि लावलेल्या दिवशीचं मीटर वहीत लिहा. दुसऱ्या वर्षी कोणता ब्रँड तुमच्या वाटेवर टिकतो ते दुकानदाराला विचारावं लागणार नाही.

घाट आणि ब्रेक

सेंधव्याकडून शिरपूरकडे उतरताना बिजासन घाट लागतो. जुलै २०२३ मध्ये याच उताराच्या पायथ्याशी पळासनेरला ब्रेक गेलेला कंटेनर हॉटेलात घुसला आणि किमान दहा जणांचा जीव गेला. साक्री-नवापूरच्या मधला कोंडाईबारी आणि धुळ्याजवळचा लळिंग हेही हलके समजू नका.

घाट ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचा, आणि तो गिअर उताराच्या आधीच टाकायचा. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून वेग कमी करणारा) लावा. पायाचा ब्रेक सतत चोळण्यापेक्षा थोडा जोर देऊन वेग कमी करा, मग सोडा. ड्रमला थंड व्हायला वेळ मिळतो. न्यूट्रलमध्ये डिझेल वाचवायची खोड ज्याला आहे त्याला माझी गाडी मिळणार नाही. न्यूट्रलमध्ये इंजिन बंद पडलं तर ब्रेकची हवा बनत नाही आणि स्टिअरिंग जड होतं. ब्रेकचे लायनर आणि स्लॅक ॲडजस्टर (ब्रेकची ढील कमी करणारे) दर महिन्याला तपासा, चारही कोपऱ्यांना ब्रेक सारखा लागतो की नाही ते बघा. हबचं ग्रीसिंग वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी. ग्रीसच्या बाकी निपलना पंधरवड्याला.

चाळीसगाव-कन्नडचा औट्रम घाट ऑगस्ट २०२३ पासून उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने जड वाहनांना बंद केला गेला. निघण्याआधी चौकशी करा, आणि नांदगाव-वैजापूरचा किंवा जळगावहून अजिंठा-सिल्लोडचा वळसा पडणार असेल तर ते किलोमीटर भाड्यात धरा. आडत्या जुन्याच अंतराने भाव सांगतो.

ड्रायव्हर, झोप आणि डिझेल

कायद्याने दिवसाला आठ तास आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. केळीच्या खेपेला हे पाळायचं तर दोन माणसं लागतात, आणि लांबच्या खेपेला दुसऱ्याचा पगार भाड्यात बसत नसेल तर ते भाडं घेऊ नका. पहाटे दोन ते पाच गाडी उभी करा. ‘दादा, मला झोप येत नाही’ म्हणणारा पोरगा सगळ्यात धोकादायक. ड्रायव्हरचा पगार, भत्ता, डिझेलचा ॲव्हरेज सगळं आधी ठरवा. ॲव्हरेज टाकी फुल ते टाकी फुल मोजा, अंदाजाने नाही, आणि भरलेल्या व रिकाम्या खेपेचा वेगळा. ॲव्हरेज अचानक घसरला तर चोरीचा संशय घेण्याआधी एअर फिल्टर, ब्रेक धरून ठेवणं आणि टायरची हवा बघा. खान्देशच्या धुळीत फिल्टर पुस्तकातल्या मुदतीआधी भरतो.

डिझेलचे भाव राज्याराज्यांत वेगळे. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत; तिथे टाकी कोणत्या बाजूला भरायची हे त्या दिवशीचे दोन्ही भाव बघून ठरवा. फास्टॅगमध्ये गाडीचा वर्ग चुकीचा नोंदला असेल तर प्रत्येक नाक्यावर जास्त कापलं जातं, महिन्यातून एकदा कापलेले पैसे वाचून काढा.

वेगळं खातं आणि वर्षाचा क्रम

टायर आणि दुरुस्तीचे मिळून किलोमीटरमागे ५ रुपये वेगळ्या खात्यात टाका, खेप संपली त्याच दिवशी. त्या खात्याचं एटीएम कार्ड घरात राहू दे, गाडीत नको. ७,००० किलोमीटरला ३५,००० होतात. बघायला मोठे वाटतात, पण क्लच प्लेट आणि दोन टायर एकाच महिन्यात आले की संपतात.

मोठी कामं मालाच्या हंगामाबाहेर ठेवा. मार्चमध्ये कूलिंग आणि टायर, मेच्या शेवटी हब, वायपर, ताडपत्री आणि वायरिंग, दिवाळीआधी कमानी आणि ब्रेक, कारण मग गाठी आणि मका सुरू होतो. पासिंगची तारीख भर हंगामात येत असेल तर मुदतीआधी जाऊन ती पुढे-मागे करून घ्या. जुन्या गाडीच्या परमिटचं वय संपायला दीड-दोन वर्षं उरली की गिऱ्हाईक शोधायला लागा. तोवर ती परराज्यात चालते म्हणून भाव येतो, नंतर फक्त महाराष्ट्रात फिरवणारा घेणारा उरतो आणि तो घासाघीस करतो.